संगणक देखभाल व नेटवर्किंग : वाई परिसरातील युवकांसाठी एक शिक्षणमार्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? उत्तम गुण मिळालेल्या मुलांच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. परंतु पन्नास-साठ टक्के गुण मिळवणारा मुलगा, बारावीनंतर शिक्षण सोडून घरी बसलेली मुलगी किंवा पदवी हाती असूनही काम न मिळालेला युवक यांच्यासाठी नेमका मार्ग सांगणारे कोणी भेटत नाही. अशा कुटुंबांना उपयोगी पडेल या हेतूने आम्ही येथे एका शिक्षणक्रमाची ओळख करून देत आहोत. संगणकाची देखभाल व नेटवर्किंग हा तो विषय. तो शिकवण्याची एक पद्धत म्हणजे कम्युनिटी कॉलेज. हे शिक्षण काय आहे, त्यात काय शिकवले जाते आणि प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी कोणती खबरदारी घ्यावी, याचा क्रमाने विचार करू या.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना मूळची अमेरिकेतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय हे तेथील अशा प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. परिसरातील लोकांना परवडणाऱ्या शुल्कात, त्यांच्या घराजवळ, त्या भागातील उद्योगांना लागणारे शिक्षण द्यावे, हा त्यामागील विचार होता. वयाची अट कडक नाही, गुणांची अट सौम्य, अभ्यासक्रम लहान आणि भर प्रत्यक्ष कामावर, ही त्याची ओळख.

भारतात ही चळवळ १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने व १९९६ साली चेन्नई येथे मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताच्या कम्युनिटी कॉलेजने सुरू झाली. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी ती वाढवली. शाळा अर्धवट सुटलेले, गरीब आणि दुर्लक्षित युवक हे या महाविद्यालयांचे पहिले विद्यार्थी. २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने व २०१३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने या स्वरूपाच्या योजना हाती घेतल्या. आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. ही व्यावसायिक पदवीही आणली. तिच्या रचनेत सुमारे साठ टक्के भाग कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा ठेवला आहे. एक वर्ष पूर्ण केल्यास पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका आणि तीन वर्षांनी पदवी अशी तिची मांडणी आहे. घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबावे लागले, तरी विद्यार्थी रिकाम्या हाताने परतत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

आपल्या सातारा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि श्रम करून शिकण्याचा संस्कार बहुजनांच्या मुलांना दिला. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजने ‘कमवा व शिका’ ही योजना महाविद्यालयीन शिक्षणात आणली. हाताने काम करणारा मनुष्य विद्येला कमी योग्यतेचा नसतो, ही शिकवण या मातीतलीच आहे.

वाई परिसरात या शिक्षणाला वाव आहे काय?

कृष्णाकाठचे वाई हे विद्येचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. प्राज्ञपाठशाळेची परंपरा येथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून सुरू झाले. कागदावरच्या नोंदींतून उभे राहिलेले ते ज्ञानभांडार आज महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. वाईतले ज्ञान आता तारांमधून आणि काचेच्या तंतूंमधून जगभर जाते. या तारा सुस्थितीत ठेवणारे हातही येथलेच का नसावेत?

परिसराकडे पाहिले तर कामाची ठिकाणे सहज दिसतात. वाईच्या बाजारपेठेत बँका, पतसंस्था, रुग्णालये, औषध दुकाने आहेत. भुईंजला साखर कारखाना आहे. पसरणी घाट चढून सुमारे बारा किलोमीटरवर पाचगणी लागते. तेथे निवासी शाळांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. धर्मभगिनींनी चालवलेली सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही शाळा १८९५ सालची. त्यापुढे महाबळेश्वरची हॉटेले आहेत. पुण्याच्या दिशेने गेल्यास खंडाळा-शिरवळचा औद्योगिक पट्टा येतो. या प्रत्येक ठिकाणी आज संगणक, प्रिंटर, कॅमेरे व वाय-फाय आहे आणि ते सारे कधी ना कधी बंद पडते. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. फायबर गावात आल्यावर तो सांभाळणारा कोणी तरी गावात असावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. सुरुवातीचे वेतन मोठे नसते आणि प्रत्येकाला गावातच नोकरी मिळेल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. परंतु हे काम जाणणारा मनुष्य वाईत राहूनही उपजीविका करू शकतो आणि पुण्या-मुंबईस गेला तरी त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

अभ्यासक्रमात काय शिकवले जाते?

अनेक पालकांचा असा समज आहे की, मुलाने एमएस-सीआयटी केली म्हणजे त्याला संगणक आला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम उपयुक्त आहे, परंतु त्याचा उद्देश संगणक वापरण्यास शिकवणे हा आहे. मोटार चालवता येणे आणि मोटार दुरुस्त करता येणे यांत जो फरक, तोच येथे आहे. देखभाल व नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमाचे साधारणतः चार भाग पडतात.

पहिला भाग यंत्राचा. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क किंवा एसएसडी आणि वीजपुरवठ्याचा खोका ओळखणे, सुटे करणे, पुन्हा जोडणे. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग निकामी होतात, म्हणून मनगटाला पट्टा बांधून काम करण्याची सवय येथेच लावली जाते.

दुसरा भाग कार्यप्रणालीचा. विंडोज किंवा लिनक्स बसवणे, ड्रायव्हर घालणे, विषाणूंपासून संरक्षण करणे, माहितीची प्रत काढून ठेवणे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे शाळा-कार्यालयांतील जुन्या यंत्रांचे काय करावे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा आहे. जे यंत्र नवी आवृत्ती पेलू शकत नाही, त्यावर लिनक्स बसवून ते आणखी काही वर्षे चालवता येते. हे जाणणारा तंत्रज्ञ एखाद्या लहान शाळेचा मोठा खर्च वाचवू शकतो.

तिसरा भाग नेटवर्किंगचा. त्याविषयी पुढे सविस्तर पाहू. चौथा भाग पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे माणसांशी बोलणे. ‘संगणक चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्या त्रासलेल्या माणसाला शांतपणे योग्य प्रश्न विचारणे, त्याला समजेल अशा भाषेत उत्तर देणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे. चांगला तंत्रज्ञ आणि सर्वसाधारण तंत्रज्ञ यांतील अंतर बहुधा येथेच पडते.

नेटवर्क कसे चालते?

दोन किंवा अधिक संगणक परस्परांना माहिती देऊ-घेऊ शकतील अशी जोडणी म्हणजे नेटवर्क. कार्यालयात दिसणाऱ्या निळ्या वा राखाडी केबलच्या आत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोन अशा पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे; त्यामुळे बाहेरच्या विद्युत-लहरींचा व्यत्यय कमी होतो. टोकाला पारदर्शक कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम पाळावा लागतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा प्रचलित क्रम विद्यार्थ्याला झोपेतही सांगता यावा. अशा केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी, हाही नियम आहे.

जोडणी झाली, आता पत्ता हवा. प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता दिला जातो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. आपल्या वाईचेच उदाहरण घेऊ. गणपती आळीतील पंचविसाव्या घराला पत्र पाठवायचे असेल, तर आधी आळी आणि मग घर सांगावे लागते. लहान कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे आळी आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. त्याच आळीतील शेजाऱ्याला निरोप द्यायचा असेल, तर आळीतल्या आळीतच काम होते. ते करणाऱ्या पेटीला स्विच म्हणतात. निरोप आळीबाहेर जायचा असेल, तर तो वेशीतून जावा लागतो. ती वेस म्हणजे राउटर आणि तिचा पत्ता म्हणजे गेटवे.

चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. जगातील यंत्रांना ते अपुरे पडू लागले, म्हणून घराघरांत आतल्या वापरासाठी तेच तेच राखीव पत्ते पुन्हा वापरले जातात आणि जोडीला आयपीव्ही ६ ही अधिक लांब पत्त्यांची पद्धत रूढ होत आहे.

आणखी दोन सेवा लक्षात ठेवाव्यात. नव्याने आलेल्या यंत्राला आपोआप पत्ता देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. आपण संकेतस्थळाचे नाव टंकतो, त्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला आकडा लागतो. डीएनएस हा त्या दोघांमधला दुभाषी.

दोष शोधण्याची शिस्त

या शिक्षणाचे खरे सार उपकरणांची नावे पाठ करण्यात नसून दोष शोधण्याच्या शिस्तीत आहे. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या पाच खिडक्यांपैकी तिसऱ्या खिडकीवर इंटरनेट बंद आहे. बाकीच्या चार सुरू आहेत, याचाच अर्थ बाहेरून येणारी जोडणी व राउटर ठीक असण्याचा संभव अधिक. दोष या एका संगणकाजवळ शोधावा.

प्रथम केबल बसते त्या जागेचा लहान दिवा पाहावा. तो विझलेला असेल तर केबल, कनेक्टर किंवा स्विचमधील ती जागा तपासावी. दिवा लागत असेल तर संगणकाला कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही व यंत्राने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे असे समजावे. पत्ता योग्य असेल तर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन गेटवेकडून उत्तर येते काय ते पाहावे. तेथून उत्तर आले की बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला हाक द्यावी. आकडी पत्ता उत्तर देतो, परंतु नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे आढळल्यास दोष डीएनएसमध्ये असण्याची शक्यता मोठी.

पाहा, येथे कोठेही अंदाजाने काही बदलले नाही. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरावरून पुढची पायरी ठरवली. अर्धवट शिकलेला मनुष्य आल्या आल्या सारी कार्यप्रणाली पुसून नव्याने बसवतो. त्यात ग्राहकाची वर्षानुवर्षांची माहिती नाहीशी होते आणि दोष मात्र दोनशे रुपयांच्या केबलमध्येच राहतो. वैद्य जसा नाडी पाहून औषध देतो, तसे हे काम आहे.

घाटमाथ्याचा पाऊस आणि वीज

आपल्या भागाची म्हणून एक विशेष अडचण आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाईत त्याच्या कितीतरी पट कमी. त्यामुळे वाईत चालणारी जोडणी पाचगणी-महाबळेश्वरला जशीच्या तशी चालत नाही. तेथे ओलाव्याने कनेक्टर गंजतात, विजांच्या कडकडाटात तांब्याच्या तारेतून दाब येऊन स्विच जळतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेटवर्क न्यायचे असेल, तर तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर वापरणे सुरक्षित, कारण काचेतून वीज वाहत नाही. इमारतीचे अर्थिंग तपासणे, यंत्रांना यूपीएस लावणे, केबलला खाली झोल देऊन पाणी बाहेरच ठिबकेल असे करणे, या गोष्टी स्थानिक तंत्रज्ञच उत्तम जाणतो. फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नये; त्यातील प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्यास इजा करू शकतो.

कोठे शिकावे?

कम्युनिटी कॉलेजची योजना प्रत्येक गावी नाही. म्हणून त्याच स्वरूपाचे इतर मार्गही पाहावेत. वाईच्या किसन वीर महाविद्यालयासारख्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयांत त्या वर्षी कोणते कौशल्याधारित अभ्यासक्रम चालू आहेत, याची जून महिन्यापूर्वीच चौकशी करावी.

दुसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आयटीआयचा. तेथे दहावीनंतर एक वर्षाचा ‘कोपा’ हा संगणक चालवण्याचा व प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक ओळखीचा व्यवसाय आहे. देखभालीसाठी मात्र दोन वर्षांचा ‘आयसीटीएसएम’ हा व्यवसाय अधिक योग्य. प्रत्येक संस्थेत हा व्यवसाय असतोच असे नाही; पर्याय भरताना पाहून घ्यावे. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. तिसरा मार्ग केंद्र शासनाच्या नायलिट या संस्थेच्या परीक्षांचा. २०११ पूर्वी ती डोएक या नावाने परिचित होती.

याखेरीज घरबसल्या विनामूल्य शिकण्याची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील अनेक पाठ मराठीत ऐकता येतात. केंद्र शासनाचे ‘स्वयम’ हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक पाठही विनामूल्य आहेत. पुढे ज्यांची इच्छा असेल त्यांना कॉम्पटिया ए प्लस किंवा सिस्कोची सीसीएनए या परीक्षा देता येतात. त्यांचे शुल्क बरेच असते व त्या इंग्रजीत असतात; म्हणून पाया पक्का झाल्यावरच त्यांचा विचार करावा.

इंग्रजीची भीती अनेक मुलांना असते. या विषयातील इंग्रजी म्हणजे दोन-तीनशे तांत्रिक शब्द आणि पडद्यावर येणारे ठरावीक संदेश. रोज दहा संदेशांचा अर्थ वहीत लिहिला, तर एका सत्रात ती अडचण बरीच दूर होते.

प्रवेशापूर्वी पालकांनी विचारावयाचे प्रश्न

जाहिराती पाहून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेत स्वतः जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, शासकीय परिषद की केवळ ती संस्था?

२. आठवड्यात प्रत्यक्ष कामाचे तास किती? एका यंत्रावर किती विद्यार्थी?

३. मुलांना यंत्र उघडू देतात की शिक्षक उघडतात आणि मुले पाहतात?

४. प्रयोगशाळेत स्विच, राउटर, क्रिम्पिंगचे हत्यार व केबल तपासणी यंत्र आहे काय?

५. बाहेर कार्यालयात जाऊन काम शिकण्याचा काळ अभ्यासक्रमात धरला आहे काय?

६. अर्ध्यातून सोडावे लागल्यास काय मिळते? शुल्क हप्त्यांनी भरता येते काय?

७. मागील दोन वर्षांतील विद्यार्थी आज काय करतात? त्यांतील एक-दोघांशी बोलता येईल काय?

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे जेथे लिहिले असेल, तेथे सातवा प्रश्न दोनदा विचारावा. शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर आपल्या पाल्यास लागू असणाऱ्या योजना पाहाव्यात आणि उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला वेळेआधीच काढून ठेवावा.

हाती आलेली किल्ली

या व्यवसायाची एक बाजू अभ्यासक्रमात थोडक्यात उरकली जाते, परंतु आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दुरुस्तीसाठी आलेल्या संगणकात लोकांचे सारे आयुष्य असते : कौटुंबिक छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, रुग्णांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे गुण. तंत्रज्ञाच्या हाती या साऱ्याची किल्ली दिली जाते. जे दुरुस्तीसाठी आवश्यक नाही ते उघडू नये, पाहिलेले कोणास सांगू नये, काम संपल्यावर ग्राहकाला परवलीचा शब्द बदलण्यास सांगावे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार अपराध आहे. परंतु लहान गावात कायद्याच्या आधी नाव जाते. एकदा विश्वास गमावलेल्या तंत्रज्ञाला वाईसारख्या गावात दुसरे दार उघडत नाही. आणि विश्वास कमावलेल्याला जाहिरातीची गरज पडत नाही.

मुलींच्या पालकांना शेवटी एक विनंती. शिडीवर चढणे आणि पेचकस धरणे हे मुलांचेच काम, असा समज घरातून दूर व्हावा. या कामाला लागते ती बारकाईने पाहण्याची सवय, चिकाटी आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची वृत्ती. निवासी शाळा, मुलींची वसतिगृहे आणि रुग्णालये येथे महिला तंत्रज्ञ असणे सोयीचे ठरते. घरापासून दूर जाऊन शिकणे ज्यांना शक्य नाही, अशा मुलींसाठी तर जवळच्या महाविद्यालयातील एक वर्षाची पदविका हा फार मोठा आधार होऊ शकतो.

धर्मग्रामातील युवक मंडळांनी व महिला मंडळांनी मिळून निकालाच्या आधी एक सायंकाळ या विषयासाठी द्यावी, आपल्यातील जाणकारांना बोलवावे आणि वर दिलेले सात प्रश्न पालकांच्या हाती लिहून द्यावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. योग्य वेळी मिळालेली योग्य माहिती एखाद्या मुलाचे वर्ष वाचवते आणि कधी कधी एका कुटुंबाचे कर्जही वाचवते.